लाल लोकरीची अकरा झाडं

बायकोला, नोरीनला, माती देऊन सतरा दिवस झाले, त्या मंगळवारी लायल पहिल्यांदा शेडच्या मागे गेला, आणि तिची अकरा झाडं तिथे नव्हती.

आधी त्याला वाटलं, आपलंच डोकं ठिकाणावर नाही. गेले काही दिवस तो चहात दोनदा साखर घालत होता, एका पायात मोजा चढवून तोच शोधत बसत होता. म्हणून वाफ्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हात लावत त्याने झाडं मोजली. बावन्न. परत मोजली. बावन्नच. नोरीनच्या वहीत त्रेसष्ट होती. जिथे झाड नव्हतं तिथे काळी माती पायाने दाबून सपाट केलेली होती. शेजारच्या झाडाची एक फांदीही मोडलेली नव्हती. बुटक्या कांगारूसारखी वॉलबी आली असती तर शेंडे खाऊन गेली असती. वॉलबी मुळासकट उपटत नाही, आणि वर माती दाबून जात नाही.

उरलेल्या बावन्नांपैकी एकालाही लाल लोकर बांधलेली नव्हती.

नोरीन नऊ वर्षं झिनियाच्या फुलांच्या मागे होती. दुकानातल्या पाकिटातल्या झिनियाच्या नव्हे, तिच्या स्वतःच्या. उन्हाळ्यात सकाळी सहाला ती स्टूल घेऊन वाफ्यात बसायची. झिनियाच्या मधोमध बारीक पिवळ्या चांदण्या उघडतात, पराग त्यांच्यात असतो. ज्या फुलाला आई करायचं त्याच्या चांदण्या ती चिमट्याने एकेक उपटून टाकायची. मग बापाची चांदणी चिमट्यात धरून आईच्या प्रत्येक पाकळीच्या बुडाशी फिरवायची. मधमाशीने मध्येच घोळ घालू नये म्हणून वरून जाळीची पिशवी. असं करता करता तिला दोन झाडं मिळाली होती, ज्यांच्या पाकळ्या पेनाच्या कांडीसारख्या गुंडाळलेल्या होत्या, बुडाला विटकरी आणि टोकाला हिरव्या. पण झाडं मरतुकडी. तिने त्यांचा एका दणकट झाडाशी संकर केला. पुढच्या वर्षी सगळी पोरं साधीच निघाली. लायल म्हणाला, "गेलं तुझं फूल." ती म्हणाली, "थांब, नातवंडं बघू." होतं नव्हतं ते सगळं बी तिने यंदा पेरलं. त्रेसष्ट नातवंडांत अकरा तशी आली, धट्टीकट्टी, कमरेएवढी. त्यांना तिने लाल लोकर बांधली. बी त्यांचंच धरायचं होतं. सलग तीन वर्षं बियांतून तसंच उतरल्याशिवाय फुलाला नाव द्यायचं नाही, हा तिचा नियम. वहीत ते नुसतं 'सत्तेचाळीस' होतं.

लोकर बांधली त्याच आठवड्यात तिच्या पोटात दुखायला लागलं. टूवूंबा शहरातल्या इस्पितळात नेली. तीन आठवड्यांत सगळं संपलं.

लायल वाफ्याच्या कडेला बसला आणि विचार करू लागला. चोराने बावन्न साध्या झाडांना हात लावला नव्हता. नेमकी अकरा नेली. म्हणजे कुठली मोलाची हे चोराला ठाऊक होतं. लायलने चाळीस वर्षं या भागातल्या मेंढ्या निवडल्या होत्या. कळपातून ठेवायची कुठली आणि काढायची कुठली, हे ज्याला कळतं तोच नेमकी उचलतो, एवढं त्याला कळत होतं. आणि झिनियातलं कळणारं नोरीनच्या मागे गावात एकच माणूस उरलं होतं. ग्लेनिस ट्रॅहर्न.

ग्लेनिस बागकाम मंडळात तीस वर्षं होती. झिनियाचा निळ्या फितीचा, म्हणजे पहिला, मान एक वर्ष नोरीनला, एक वर्ष ग्लेनिसला, असं चालायचं. दोघी एकमेकींना 'काय गं, यंदा काय लपवलंयस?' असं विचारायच्या आणि दोघीही सांगायच्या नाहीत. लायलला तेव्हा ती गंमत वाटायची. आता त्यातला शब्द न् शब्द त्याला वेगळा ऐकू येऊ लागला.

दफनाच्या दिवशी ग्लेनिस टूना-मकारोनीचं भांडं घेऊन आली होती. चहाचा कप हातात घेऊन मागच्या दाराने बाहेर गेली होती. बराच वेळ. परत आली तेव्हा तिच्या बुटांना माती होती. हे त्याला आत्ता आठवत होतं, की आत्ता सुचत होतं? नाही, होती. माती होती.

दुपारी क्लॅरी आला. क्लॅरी मॅकफी हा लायलचा जुना सोबती. मेंढवाड्यात लायल निवडायचा आणि क्लॅरी फाटक सांभाळायचा. नोरीन गेल्यापासून तो दिवसाआड यायचा. दफनाच्या आठवड्यात गवत कापणं, कचरा नेणं, गटार साफ करणं, सगळं त्यानेच केलं होतं, न सांगता.

"तोंड का असं केलंयस?" क्लॅरीने विचारलं. "आंबलेलं दूध प्यायल्यासारखं."

"त्या दिवशी माझ्या शेडमागे कोण कोण गेलं होतं?"

"कुठल्या दिवशी?"

"माती दिली त्या दिवशी."

"अर्धं गाव होतं, गड्या. मी काय हजेरी घेत होतो?" क्लॅरीने डोकं खाजवलं. "ग्लेनिस गेली होती बघ. कप घेऊन. फुलं बघत उभी होती. का रे? काही गेलंय का?"

"काही नाही."

"हातोडी गेली असेल तर माझ्याकडे आहे."

"काही गेलं नाही म्हटलं ना."

लायलने सांगितलं नाही. ज्याला संशय येतो तो पहिल्यांदा तोंड शिवतो. गावात एकाला सांगितलं की संध्याकाळपर्यंत पबमध्ये पोचतं, मग चोर सावध होतो. क्लॅरीच्या पोटात तर पाणीही टिकत नसे.

गुरुवारी त्याने ग्लेनिसचं भांडं धुऊन पुसून गाडीत ठेवलं आणि तिच्याकडे गेला.

"अरे, घाई काय होती?" ती दारातच म्हणाली. "खाल्लंस का तरी? की क्लॅरीच्या कुत्र्याला घातलंस?"

"खाल्लं."

"खोटं बोलू नकोस. चेहऱ्यावर दिसतंय. ये, चहा टाकते."

ती स्वयंपाकघरात वळली. लाँड्रीचं, म्हणजे कपडे धुण्याच्या खोलीचं, दार अर्धवट उघडं होतं. लायलने मान लांब करून पाहिलं. वॉशिंग मशीनवर चार ट्रे ओळीने मांडलेले होते. त्यांच्यावर ओला कागद, आणि कागदाच्या कडेतून बोटाच्या पेराएवढे हिरवे कोंब. नोरीनही असंच करायची. बी पूर्ण सुकायची वाट न बघता हिरवं असतानाच काढायचं, वरची साल नखाने सोलायची आणि ओल्या कागदात ठेवायचं. चार दिवसांत कोंब. अशाने एका उन्हाळ्यात दोन पिढ्या निघतात. म्हणजे उपटून नेलेल्या झाडांचं हिरवं बीसुद्धा वाया जात नाही.

"काय बघतोयस?" ग्लेनिस मागे उभी होती. तिने पायानेच दार लोटून घेतलं. "पसारा आहे तिथे."

"मार्च संपत आला. थंडी तोंडावर आली, आता कसली पेरणी?"

"माझी लाँड्री, माझी पेरणी." ती हसली, पण दारापुढून हलली नाही. "नोरीनच्या वाफ्याचं काय ठरवलंस? ती लोकरवाली झाडं सांभाळतोयस ना?"

त्याला वाटलं, कानाखाली कुणीतरी वाजवली. तिला लोकर ठाऊक होती. आणि विचारायची हिंमतही होती.

"सांभाळणारे सांभाळताहेत," तो म्हणाला, आणि चहा न घेता निघाला.

त्या दिवसापासून त्याने वाफ्याला पाणी घालणं बंद केलं. उरलेली बावन्न म्हणजे बाद मालच होता, नोरीन ती उपटणारच होती. बाद मालाला पाणी कशाला? पाऊस नव्हता. आठवड्याभरात पानं लोंबायला लागली. तो व्हरांड्यात बसून रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्या बघायचा. ग्लेनिसची पांढरी गाडी दोनदा गेली. एकदा हळू झाली.

मंडळाचं शरद ऋतूचं प्रदर्शन शनिवारी होतं. आदल्या मंगळवारी हॉलमध्ये तयारीची सभा होती. लायल सहसा जात नसे, नोरीन जायची. त्या दिवशी तो गेला. सगळ्यांनी खांद्यावर हात ठेवले, कोणी केक पुढे केला. चिटणीस नॉर्म टँकर्ड टेबलांची यादी वाचत होता. झिनियाच्या टेबलाशी आल्यावर म्हणाला, "यंदा नोरीनच्या नावाने एक रिकामी फुलदाणी ठेवू या. आणि ग्लेनिस, तू नवीन काही आणणार म्हणत होतीस?"

"बघू," ग्लेनिस म्हणाली. "जमलं तर."

लायल उठला नाही. बसल्या जागेवरूनच बोलला, आणि मोठ्यानेही बोलला नाही. "नॉर्म, तिला विचारून घे, यंदाची रोपं कुठून आणली."

नॉर्मने चष्मा काढला. "म्हणजे काय, लायल?"

"तिला कळलंय म्हणजे काय ते."

ग्लेनिसला आधी खरंच कळलं नाही. मग कळलं. तिचा गळा खालून वर लाल होत गेला. ती काहीतरी बोलेल, ओरडेल, असं लायलला वाटलं. त्याची तयारी होती. पण तिने टेबलावरचं आपल्या नावाचं कार्ड उचललं, पर्समध्ये घातलं, स्वतः करून आणलेला स्पंज केक न कापता तसाच हातात घेतला आणि बाहेर गेली. कोणी अडवलं नाही. लायलला बरं वाटलं. निर्दोष माणूस असा उठून जातो का?

शनिवारी झिनियाच्या टेबलावर नोरीनची रिकामी फुलदाणी होती आणि कुणीतरी आणलेली पाकिटातली गुलाबी फुलं. ग्लेनिस आली नाही. तीस वर्षांत पहिल्यांदा.

रविवारी क्लॅरी गाडीतून उतरला तो खिसे चाचपत. व्हरांड्यात बसल्यावर त्याने टेबलावर काहीतरी ठेवलं. लाल लोकरीचा छोटा गुंडा होता, अक्रोडाएवढा, गाठी गाठी असलेला.

"गाडीतच राहिला होता," तो म्हणाला. "फेकवेना. नोरीनची लोकर. तुझ्या त्या स्वेटरची, नाही का? कोपरं फाटलेल्या."

लायलने गुंड्याकडे पाहिलं. हात लावला नाही. "हे तुझ्याकडे कुठून आलं?"

"तुझ्या वाफ्यातून. दफनाचं ठरवायला तू पाद्रीबाबांकडे गेला होतास बघ त्या बुधवारी. म्हटलं, आता सगळे येतील, मागचं जरा नीट दिसू दे. खुणा केलेली तेवढी काढून टाकली. बाकीची तू सांगशील तेव्हा काढू. ती वाळायला लागलीयत, बघितलंस का?"

"काढून टाकली."

"कोंबड्यांना घातली. मेल्यांनी खाल्लीही नाहीत नीट, सगळी तुडवून ठेवली." क्लॅरीने चहा ओतून घेतला. "तिनेच खुणा करून ठेवल्या होत्या, बिचारीने. वेळ मिळाला नाही काढायला. म्हटलं तिचं एक काम तरी पुरं करावं."

लायलला मेंढवाडा दिसत होता. चाळीस वर्षं तो मेंढ्यांच्या लोकरीत बोटं घालून बघायचा, आणि जी कळपातून काढायची तिच्या पाठीवर गेरूचा लाल फराटा ओढायचा. लाल म्हणजे बाद. लाल म्हणजे डावीकडचं फाटक, ट्रक, खाटीक. क्लॅरी फाटकाशी उभा असायचा आणि लाल दिसलं की विचारत नसे. विचारायचं नाही, हे लायलनेच त्याला पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं. 'खूण मी केलीय ना? मग तू फाटक उघड. डोकं चालवू नकोस.'

"बरं केलंस," लायल म्हणाला.

"अरे, त्यात काय," क्लॅरी म्हणाला आणि बिस्किट बुडवलं.

संध्याकाळी लायल क्लॅरीच्या कोंबड्यांच्या आवारात जाऊन आला. क्लॅरी पबमध्ये असताना, मागच्या रस्त्याने, चोरासारखा. तिथे शेण, पिसं आणि काळी पडलेली काटकं होती. एक काटूक त्याने उचलून बघितलं. त्यावर बी धरलेलं एकही बोंड नव्हतं.

सोमवारी सकाळी तो ग्लेनिसच्या दारात उभा राहिला. तिने जाळीचं दार उघडलं नाही, आतूनच बोलली.

"आता काय न्यायला आलास?"

"क्लॅरीने उपटली. त्याला वाटलं लाल म्हणजे बाद. मेंढ्यांसारखं."

ती एकदम हसली, आणि ते हसणं चांगलं नव्हतं. "अकराच्या अकरा? नोरीनने इस्पितळात सांगितलं होतं मला; त्या दिवशी वाफ्यात दिसली नाहीत तेव्हा वाटलं, तूच हलवली असशील."

"हो. चूक माझी आहे, ग्लेनिस. मी तुझी—"

"थांब." तिने दार उघडलं. "आत ये आधी. इकडे ये."

तिने त्याला सरळ लाँड्रीत नेलं आणि ट्रेवरचा कागद उचलला. रोपं आता वीतभर झाली होती. खिडकीत एका कुंडीत त्यांच्या आईचं फूल होतं, मळकट पांढरं, वर तपकिरी ठिपके, पाकळ्या एका बाजूला झडलेल्या.

"सात वर्षं याच्या मागे आहे मी," ती म्हणाली. "दर वर्षी वाटतं, यंदा जमेल. दर वर्षी हे असं निघतं, खरूज झाल्यासारखं. नोरीनला दाखवायची लाज वाटायची. तुला दाखवायची तर वाटायचीच. म्हणून दार लोटलं. कळलं?"

"कळलं. माफ कर मला."

"इथे नको." ती एकदम कडक झाली. "माफी लाँड्रीत नको मागूस, लायल हॅरोवे. जिथे बोललास तिथे बोल. चाळीस माणसं होती. नॉर्म मला काल रस्त्यात बघून पलीकडच्या बाजूला गेला. तीस वर्षं त्याची टेबलं मी मांडलीयत."

लायलने मान खाली घातली. ती ट्रे झाकत म्हणाली, "आणि बाकीच्या बावन्नांना पाणी घालतोयस ना?"

त्याने कुंडीतलं फूल वळवून बघितलं.

"लायल."

"बाद म्हणून—"

"अरे देवा." तिने कपाळावर हात मारला. "चाळीस वर्षं मेंढ्या बघितल्यास ना तू? आईबाप दोन्ही पांढरे आणि कोकरू काळं, असं कधी झालं नाही का? ती बावन्न त्या अकरांची सख्खी भावंडं आहेत. दिसत नसलं तरी त्यांतल्या बऱ्याच जणांच्या पोटात ते आहे. प्रत्येक झाडाचं बी वेगळं धर, वेगळ्या पाकिटात. पुढच्या वर्षी पेर. कशात तरी गुंडाळलेली पाकळी निघेलच."

"आणि हिरवी टोकं?"

"ते सांगता येत नाही. दोन्ही एकदम यायला नशीब लागतं. नोरीनला नऊ वर्षं लागली."

"तू येशील का? एकदा दाखवायला, कसं धरायचं ते?"

"तू उभा राहून बोलल्याशिवाय मी तुझ्या कुंपणात पाय ठेवणार नाही," ती म्हणाली. "ठेवला होता एकदा. काय झालं बघितलंस ना."

तो घरी आला आणि पाइप सोडला. दोन दिवस सकाळ-संध्याकाळ पाणी दिलं. बावन्नांतली अकरा आधीच गेली होती, देठापर्यंत वाळलेली. त्यांची बोंडं चुरली तर आतून भुसाच निघाला. ही अकरा क्लॅरीने नव्हे, त्याने मारली होती. एक्केचाळीस जगली. खाली नवीन कळ्या धरल्या. नोरीनची वही उघडून तो स्वयंपाकघरात बसला, चिमटा शोधला, आणि सकाळी सहाला तिच्या स्टुलावर जाऊन पिवळ्या चांदण्या उपटायला लागला. बोटं जाड होती. निम्मी फुलं त्याने बिघडवली. पण एकेका झाडाला त्याने आकडा दिला, गेरूने नाही, लोकरीनेही नाही, टाकाऊ पत्र्याच्या पट्टीवर खिळ्याने कोरून.

एप्रिलच्या शेवटच्या मंगळवारी मंडळाची सभा होती. क्लॅरीच त्याला गाडीतून घेऊन गेला. लायल हल्ली एकटा राहू नये असं त्याच्या मनाने घेतलं होतं. हॉलमध्ये तो लायलला खेटून बसला, त्याच्यासाठी चहा आणला, साखर घालून ढवळूनही दिला. ग्लेनिसची खुर्ची रिकामी होती. शेवटी नॉर्मने विचारलं, "आणखी कोणाला काही बोलायचंय?" आणि त्याने लायलकडे पाहिलं, जरा बिचकतच.

लायलने गुडघ्यांवर हात ठेवले. उभं राहून काय सांगायचं ते त्याने गाडीत पाठ केलं होतं. ग्लेनिसने काही नेलं नाही. मग कोणी नेलं, असं कोणीतरी विचारणारच. आणि क्लॅरी शेजारी बसून त्याच्या बशीत केकचा मोठा तुकडा ठेवत होता.

"काय रे?" क्लॅरी कुजबुजला. "पाय आखडला का?"

"हो," लायल म्हणाला.

नॉर्मने वही मिटली.

आता मे लागला आहे. पहिलं दव गोठायच्या आत एक्केचाळीसांपैकी सव्वीस झाडांचं बी त्याने काढून पाकिटांत घातलं आहे. पंधरांचं काढायचं आहे. क्लॅरीला सांगायचं राहिलं आहे. मंडळाला सांगायचं राहिलं आहे.